दिवाण सर टी. माधवराव

परमुलखात सरकारी नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस माधवरावांचे चरित्र विशेष जवळचे वाटते. १८२८ साली कुंभकोणम् येथे, तंजावरकडील मराठीभाषक समाजात त्यांचा जन्म झाला. मद्रासेस शिकून ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ साली, तिशीच्या आतबाहेर असताना, तेथील दिवाण झाले. त्या वेळी खजिना रिता होता, राज्य कर्जबाजारी होते, नोकरांचे पगार तुंबले होते. माधवरावांनी मिरी व तंबाखूची सरकारी मक्तेदारी उठविली, जाचक कर दूर केले आणि तरीही १८६३ पर्यंत राज्याचे कर्ज फेडले. ज्यास वेळेवर वेतन नाही त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा धरणे व्यर्थ, हे कारभाराचे मर्म आम्हांस येथे दिसते.

पुढे महाराजांची मर्जी फिरली आणि १८७२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी इंदूरची दिवाणगिरी केली. १८७५ पासून बडोद्याची विस्कटलेली घडी बसविली आणि वयात आलेल्या सयाजीरावांच्या हाती सुव्यवस्थित राज्य सोपविले. १८९१ साली ते निवर्तले.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या परिसरास लोक ‘स्टॅच्यू’ असेच म्हणतात. ज्या राज्यातून त्यांना जावे लागले, तेथेच त्यांचे स्मरण टिकले, याचा आम्हांस मोठा दिलासा वाटतो.