डॉ. कमल रणदिवे

थोर स्त्रियांची चरित्रे म्हटली की जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे सहज ओठांवर येतात. त्यांच्या पंगतीला मी आज आणखी एक नाव ठेवीत आहे. ही बाई प्रयोगशाळेतली. डॉ. कमल रणदिवे यांनी आपले सारे आयुष्य कर्करोगाचे मूळ शोधण्यात घालविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी भाची विज्ञान शिकते. तिने जे समजावून सांगितले ते भगिनींपुढे माझ्या शब्दांत मांडते.

कमलताईंचा जन्म पुण्यास समर्थ यांच्या घरी ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. त्या काळी मुलगी चार बुके शिकली की पुष्कळ झाले असे मानीत. पण या गृहस्थांनी आपल्या सर्वच मुलांना शिकविले. कमलताई हुजूरपागेत शिकल्या व पुढे फर्ग्युसनमध्ये गेल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच नवरा करावा, अशी वडिलांची फार इच्छा. मुलीने दोन्हीही केले नाही. तिला झाडाझुडपांचे व प्राण्यांचे शास्त्र आवडले, आणि १९३९ साली तिने श्री. रणदिवे या गणिताच्या माणसाशी लग्न केले.

लग्नानंतर शिक्षण संपले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. पतीने अभ्यासात मदत केली व १९४३ मध्ये त्या एम.एस्‌सी. झाल्या. विषय कोणता, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी! दिवाळीच्या सुमारास आपण ज्याच्या बिया थुंकून टाकतो, त्या फळाच्या कुळावर बाई अभ्यास करीत होत्या. पुढे संसार मुंबईस होता, एक मुलगाही झाला, आणि १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्यांचे गुरू डॉ. खानोलकर. १९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल निघाले, तेथे ते रोगांचे निदान करीत. त्यांची नजर मोठी सूक्ष्म होती. आपल्या लोकांचे कर्करोग आपल्या चालीरीतींत शोधावेत, हे त्यांनी दाखविले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कंबरेच्या एकाच जागी रुतून तेथे होणारा कर्करोग त्यांनी वर्णिला आहे. कमलताईंनी हाच धागा पुढे नेला.

गुरूंच्या सांगण्यावरून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. गाय यांच्याकडे शिकण्यास गेल्या. शरीरातील पेशी बाहेर काढून काचेच्या नळीत जिवंत ठेवावयाच्या, ही तेथील विद्या. आपण विरजण लावतो तसेच काहीसे समजा. ऊब नेमकी शरीराइतकी हवी, पेशींना अन्न हवे, आणि बुरशीचा एक कण शिरला तर सारे गेले. याच डॉ. गाय यांच्याकडे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब बाईच्या गाठीतील पेशी वाढविल्या गेल्या. बाई त्याच वर्षी वारली, पण तिच्या पेशी जगभर आजही वाढत आहेत. तिला मात्र कोणी विचारलेसुद्धा नव्हते. शास्त्र कितीही मोठे असो, हे मला काही पटले नाही.

कमलताई ती विद्या घेऊन मुंबईस परतल्या. पुष्कळ हुशार माणसे तिकडेच राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. पेशींना लागणारे अन्न-द्रव त्या व त्यांचे सहकारी येथेच तयार करू लागले. निरोगी पेशी गरजेपुरती दुभंगते व थांबते. कर्करोगाची पेशी थांबण्याचे विसरते. ती का विसरते, हा त्यांचा प्रश्न होता. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी उंदरांवर अभ्यास केला व आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. उंदरांत असा विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो. हे वाचून कोणी घाबरू नये. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. उलट बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला हा रोग होण्याचा संभव कमी असतो.

आता आपल्या घरची गोष्ट. पानसुपारी, तंबाखू यांवर कमलताईंनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. हॅम्स्टर नावाचा उंदरासारखा प्राणी असतो, त्याच्या गालात पिशवी असते. माणसाच्या गालात विडा राहतो, तशी ही जागा परीक्षेला सोयीची. १९७६ व १९७९ साली त्यांचे हे संशोधन प्रसिद्ध झाले. नुसत्या सुपारीचा अर्क उंदरांना टोचला तरी गाठी होतात, असे त्यात दिसून आले. तंबाखू वाईट हे सर्वांस ठाऊक होते. सुपारीला मात्र सारे सोवळी समजत. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे असे जाहीर केले.

माझ्या थोरल्या जाऊबाई तंबाखूला शिवत नसत. त्यांच्या बटव्यात अडकित्ता आणि सुपारी मात्र सदा असे. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तोंड उघडेना, तिखट सोसेना. दाताचे दुखणे म्हणून वर्ष गेले. मग नागपूर आणि शेवटी मुंबई. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. हळदीकुंकवाच्या तबकातील सुपारी ओटीत पडावी, देवापुढे राहावी. तोंडात घालण्याचे काय अडले आहे? आणि तंबाखूची मशेरी लावणाऱ्या बायांना तर मी रोज सांगते. तोंडातील चट्टा किंवा व्रण पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर दवाखाना गाठावा.

कमलताईंनी १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाचा भार सांभाळला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. वय झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातील राजूरच्या बाजूस जाऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला व खेड्यांतील बायकांना आरोग्याची माहिती दिली. २००१ साली त्यांचे निधन झाले.

१९७३ साली अकरा सहकारी मिळून त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संस्था काढली होती. मूल लहान आहे म्हणून शिकलेल्या बाईचे काम सुटू नये, याची या बायकांना जाण होती. वाशीला त्या संस्थेचे पाळणाघर आहे आणि बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहही आहे. कारंज्याची एखादी मुलगी मुंबईकडे शिकण्यास किंवा नोकरीस निघाली, तर तिच्या आईने तेथे जागेची चौकशी जरूर करावी.