वय लपवून सैन्यात गेले, पण इंग्रजीतल्या एका ‘हिज’वरून कधी मागे हटले नाहीत

‘हिज कमिंग लेट’ बरोबर की ‘हिम कमिंग लेट’? या प्रश्नावर तुमचा कधी मार्क गेला असेल, तर त्यामागे बहुतेक हेन्री वॉटसन फाउलर आहेत.

जन्म 1858 चा, इंग्लंडमधल्या टनब्रिजचा. ऑक्सफर्डला शिकले आणि सेडबर्गच्या शाळेत 17 वर्षं मास्तरकी केली. तिथं हाउसमास्तर व्हायचं तर मुलांना चर्चच्या दीक्षाविधीसाठी तयार करावं लागणार होतं. फाउलर यांची श्रद्धा नव्हती. जे पटत नाही ते शिकवायचं नाही, म्हणून 1899 मध्ये त्यांनी चालू नोकरी सोडली.

पुढे ते धाकटा भाऊ फ्रँकजवळ गर्न्सी बेटावर राहायला गेले. 1906 मध्ये दोघांनी ‘द किंग्ज इंग्लिश’ लिहिलं आणि एका रचनेवर हल्ला चढवला.

भानगड अशी आहे. ‘त्याचं उशिरा येणं मला खटकलं’ यात ‘येणं’ हे क्रियापदापासून बनलेलं नाम आहे. इंग्रजीत ते ‘कमिंग’, म्हणजे जेरंड. नाम आहे, मग येणं कुणाचं? त्याचं. म्हणून ‘हिज कमिंग लेट’ हवं, असं फाउलर यांचं म्हणणं. ‘हिम कमिंग लेट’ म्हटलं तर खटकलं काय, तो की त्याचं येणं? अशा रचनेला त्यांनी नाव दिलं, फ्युज्ड पार्टिसिपल. जिथं षष्ठी बसतच नाही, तिथं वाक्य बदला म्हणाले. उदाहरणार्थ नामवाक्य वापरा: ‘दॅट ही केम लेट ॲनॉइड मी’, म्हणजे ‘तो उशिरा आला हे मला खटकलं’. वाद मिटला.

गंमत म्हणजे आपण मराठीत ‘तुझं वेळेवर येणं गरजेचं आहे’ आणि ‘तू वेळेवर येणं गरजेचं आहे’ दोन्ही बिनधास्त बोलतो.

माणूस मात्र वल्ली. लग्न केलं ते पन्नासाव्या वाढदिवशी. 1915 मध्ये 57 वर्षांचे असताना वय 44 सांगून सैन्यात भरती झाले. दोघे भाऊ फ्रान्सला गेले, पण लढायला न देता हलकी कामं दिली म्हणून फाउलर यांनी लेखी तक्रार केली. 1918 मध्ये फ्रँक क्षयानं गेला. 1926 मध्ये आलेलं ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ त्यांनी त्यालाच अर्पण केलं.

त्याच वर्षी डॅनिश भाषातज्ज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी नामवंत इंग्रजी लेखकांची वाक्यं काढून दाखवली. हे सगळे शतकानुशतकं असंच लिहीत आले होते. फाउलर यांनी उत्तर दिलं, पण माघार घेतली नाही. 26 डिसेंबर 1933 ला ते वारले.

आज व्याकरणाची पुस्तकं दोन्ही रूपं मान्य करतात. बोलताना ‘हिम’ चालतं, औपचारिक लिखाणात ‘हिज’. तरी परीक्षेत ‘हिज’च लिहा. पेपर तपासणारा कदाचित फाउलर यांचा असेल.