बिल मन्रो : ब्लूग्रास संगीताचे जनक

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांपैकी काहींनी तिथल्या एखाद्या बागेत किंवा जत्रेत चार-पाच वादकांचा संच पाहिला असेल. बॅन्जो, गिटार, मॅन्डोलिन, फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, आणि माणसाहून उंच असा उभा बास. ड्रम नाही, तरी ठेका चुकत नाही. असे संच तिथे वर्षभर गावोगाव फिरतात. त्यांच्या संगीतात कंट्री असते, फोक असते आणि बहुतेकदा ब्लूग्रास असतेच. यातले ब्लूग्रास हे नाव एका माणसाच्या वाद्यवृंदावरून पडले. तो माणूस म्हणजे बिल मन्रो. आपल्या बँडचे नाव सगळ्या संगीतप्रकाराला मिळाले याचा कोणालाही आनंद होईल, पण मन्रो यांना तो व्हायला पुष्कळ वर्षे लागली. ही हकिगत आम्हाला फार मानवी वाटली, म्हणून येथे देत आहोत.

बिलचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकी राज्यातील रोझीन या खेड्याजवळ झाला. आठ भावंडांत तो शेंडेफळ. डोळ्यांनी तिरळा आणि नजर अधू, त्यामुळे इतर मुले चिडवत आणि हा एकटाच राहत असे. घरात गाणेबजावणे होते, आई फिडल वाजवी. मोठ्या भावांपैकी बर्चने फिडल घेतले, चार्लीने गिटार घेतली आणि धाकट्याच्या वाट्याला उरले ते मॅन्डोलिन. त्याला आठ तारा असतात, जोडीजोडीने लावलेल्या. या पोराचा आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी त्याला चारच तारा लावायला सांगितल्या होत्या म्हणे. पुढे याच वाद्यातून त्याने जो आवाज काढला, तो पाहता भावांची ती काटकसर वाया गेली असेच म्हणावे लागेल.

दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडील गेले. मोठी भावंडे कामधंद्यासाठी पांगली होती. बिलला आसरा दिला तो आईच्या भावाने, पेंडल्टन व्हॅन्डिव्हर यांनी. हे मामा पायाने अधू, पण पंचक्रोशीत नावाजलेले फिडलवादक. गावात नाच असला की मामा खेचरावर पुढे आणि भाचा मागे, असे दोघे जात. रात्रभर मामा फिडल वाजवणार आणि भाचा साथ करणार. मामांच्या धुना बिलच्या हातात बसल्या त्या अशा.

दुसरे ऋण आर्नल्ड शुल्ट्झ यांचे. हे कृष्णवर्णीय गिटारवादक कोळशाच्या खाणीत कामाला होते. गोऱ्या आणि काळ्या लोकांचे सारे व्यवहार वेगळे असण्याचा तो काळ, तरी नाचाच्या कार्यक्रमांत बिल त्यांच्या जोडीने वाजवत असे. ब्लूजचा दर्द मन्रो यांच्या संगीतात आला तो येथून. शुल्ट्झ १९३१ साली वारले. त्यांच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. मन्रो मात्र आयुष्यभर त्यांचे नाव घेत राहिले.

१९२९ साली बिल भावांपाठोपाठ इंडियाना राज्यात गेले आणि तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे उचलू लागले. संध्याकाळी नाच-गाणे चालूच होते. १९३४ पासून चार्ली आणि बिल ही जोडी रेडिओवर पूर्णवेळ गाऊ लागली, १९३६ पासून तबकड्या निघू लागल्या आणि खपूही लागल्या. पण दोघेही तापट. १९३८ मध्ये फाटाफूट झाली.

मग बिल यांनी स्वतःचा संच बांधला आणि आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्याला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले. (ज्याला केंटकीचा ब्लूग्रास प्रदेश म्हणतात, त्यात रोझीन येतच नाही, ही एक गंमत.) ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमासाठी त्यांनी परीक्षा दिली. दर शनिवारी रात्री निम्मी अमेरिका ऐकत असे, असा हा कार्यक्रम. मन्रो यांची निवड झाली आणि पुढे जवळजवळ सत्तावन्न वर्षे ते तिथे गात राहिले.

शनिवारी रात्री नॅशव्हिल आणि उरलेला आठवडा दौरा, असे आयुष्य सुरू झाले. एका लांबलचक मोटारीत सगळा संच कोंबलेला, टपावर बास बांधलेला, रात्रभर प्रवास आणि झोप बसल्या बसल्या. चाळीसच्या दशकात त्यांनी स्वतःचा तंबू घेतला. गावात पोहोचले की वादकांनीच तंबू ठोकायचा, दुपारी गावच्या संघाशी बेसबॉलचा सामना खेळायचा आणि रात्री कार्यक्रम करायचा. सामना बघायला आलेले लोक रात्री तिकीट काढत. स्ट्रिंगबीन नावाचे त्यांचे पहिले बॅन्जोवादक बेसबॉलही उत्तम खेळत, एका पगारात दोन कामे! आयुष्य बँकेत गेल्यामुळे आमचे लक्ष अशा गोष्टींकडे आधी जाते. वादकांना आठवड्याचा ठरलेला पगार मिळे, नफ्यात वाटा नसे. पुढे काहींना मालकाच्या शेतावरही राबावे लागले.

१९४५ मध्ये गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट संचात होते, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा बॅन्जोवादक आला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशा तीन बोटांनी तो असा झरझर वाजवी की ऑप्रीतले श्रोते ओरडू लागत. फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स. एकाच मायक्रोफोनभोवती पाचही जण उभे राहत. ज्याची पाळी येई तो पुढे सरके, वाजवून मागे होई. वर मन्रो यांचा उंच, धारदार आवाज. ब्लूग्रास म्हणून आज जे ओळखले जाते, ते या पाच जणांनी दोन-सव्वादोन वर्षांत घडवले.

१९४८ च्या आरंभी स्क्रग्ज आणि फ्लॅट दोघेही नोकरी सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा संच काढला. मन्रो यांना हा विश्वासघात वाटला. त्यांनी दोघांशी बोलणे टाकले. स्टॅनले बंधू आपल्या शैलीची नक्कल करतात असे त्यांचे म्हणणे होते. कोलंबिया कंपनीने त्या बंधूंना करारबद्ध करताच मन्रो यांनी ती कंपनीच सोडली. फ्लॅट आणि स्क्रग्ज यांना ऑप्रीत प्रवेश मिळू नये यासाठीही ते अडून बसले होते. तो प्रवेश १९५५ मध्ये मिळाला. असे सांगतात की, त्या दोघांच्या कार्यक्रमात श्रोत्यांना मन्रो यांची गाणी हवी असत, पण त्यांचे नाव घेण्याची चोरी. म्हणून लोक नुसतेच ‘ते ब्लू ग्रास’ वाजवा म्हणू लागले. संगीताला नाव पडले ते असे, मालकाच्या गैरहजेरीत.

आमच्या मते मन्रो यांचा राग समजण्यासारखा होता, पण पूर्ण रास्त नव्हता. पगारी माणूस शिकून तयार झाला की स्वतःची पेढी काढणारच. शिवाय मामांच्या धुना आणि शुल्ट्झ यांचे ब्लूज हे मन्रो यांनाही कोणी विकत दिलेले नव्हते.

१९५४ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. मन्रो यांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे संथ, तीन मात्रांच्या लयीतले गाणे एल्व्हिस प्रेस्ली या नवख्या तरुणाने चार मात्रांत, उडत्या चालीवर म्हटले. ऑप्रीत भेट झाली तेव्हा प्रेस्लीने त्यांची माफी मागितली. पण मन्रो रागावले नव्हते. त्यांनी स्वतःच ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आरंभ जुन्या लयीत आणि पुढे नव्या वेगात. रॉयल्टीही चांगली येत होती. तरी रॉक अँड रोलच्या लाटेत पुढची काही वर्षे त्यांना ओढाताणीची गेली.

दिवस पालटले ते शहरी विद्यार्थ्यांमुळे. १९६३ मध्ये राल्फ रिन्झलर या लोकसंगीताच्या अभ्यासकाने त्यांचे व्यवस्थापन हाती घेतले आणि त्यांना महाविद्यालयांत व महोत्सवांत नेले. या संगीताचे मूळ कोण, हे लोकांना तेव्हा समजले. उत्तरेकडची तरुण मुले संचात येऊ लागली. त्यांत बॅन्जोवादक बिल कीथ होते. संचात बिल एकच असणार, म्हणून मन्रो त्यांना मधल्या नावावरून ब्रॅड म्हणत! पण याच काळात मन्रो यांची वृत्ती बदलत गेली. सोडून गेलेले लोक चोर नसून आपल्याच शाळेतून निघालेले आहेत, असे ते मानू लागले. इंडियानातील बीन ब्लॉसम या आपल्या जागेत त्यांनी १९६७ पासून महोत्सव भरवला. तिथेच १९७१ मध्ये लेस्टर फ्लॅट आले आणि तेवीस वर्षांनी दोघांनी हस्तांदोलन केले.

त्यांच्या मॅन्डोलिनची गोष्टही सांगायला हवी. १९२३ सालचे हे गिब्सन त्यांनी फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला घेतले. एकदा कंपनीने दुरुस्ती नीट केली नाही म्हणून संतापून त्यांनी वाद्यावरचे ‘गिब्सन’ हे नाव चाकूने खरवडून टाकले. तीसेक वर्षांनी समेट झाला तेव्हा ते परत बसले. १९८५ मध्ये कोणीतरी घरात शिरून शेगडीच्या लोखंडी सळईने त्या वाद्याचे तुकडे तुकडे केले. गिब्सनच्या कारागिराने ते ढलपे एकेक करून जोडले आणि मन्रो पुन्हा त्यावरच वाजवू लागले.

१९९५ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलापदकाने गौरवण्यात आले. एप्रिल १९९६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ९ सप्टेंबरला, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला चार दिवस असताना, ते निवर्तले. दीडशेहून अधिक वादक त्यांच्या संचातून गेले होते. त्यांचे दफन रोझीनला झाले. त्याच दफनभूमीत पेंडल्टनमामाही आहेत. त्यांच्या कबरीवरचा दगड भाच्यानेच बसवलेला आहे.