खंजिरीवाले महाराज आणि गावाचा कारभार



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा फोटो नसलेलं गाव शोधावंच लागेल. मुलांना त्यांचा जन्म, मृत्यू, ग्रामगीता एवढं पाठ असतं. पण गावाच्या कारभाराबद्दल ते काय सांगायचे, असं विचारलं की वर्ग गप्प!

मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरी गरिबी, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत (हे वर्गात मुद्दाम सांगा). वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. लहान वयातच ते घर सोडून जंगलात गेले. आपल्या चिमूर तालुक्यातलं गोंदेडा ही त्यांची तपोभूमी. पुढे १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला.

त्यांच्या खंजिरीच्या भजनांनी माणसं पेटून उठायची. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला उठाव झाला. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबरात सुटका झाली.

स्वातंत्र्य मिळालं, पण गावात घाण, भांडणं, व्यसनं तशीच. मग त्यांनी ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली आणि ती अर्पण केली गावालाच. सफाई, आरोग्य, शाळा, तंटे, निवडणूक सगळं त्यात आहे. आमिषाला किंवा नात्यागोत्याला भुलून मत दिलं तर त्याची फळं गावालाच भोगावी लागतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लक्षात घ्या, आपला ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदा १९६२ च्या. ग्रामगीता त्याआधीची! १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तिथेही खंजिरी सोबत होतीच.

हे सगळं शिकवताना एका मुलीने विचारलं, आमच्याकडे आता नगरपंचायत आहे, मग ग्रामसभा कुठे भरते? मी जरा अडखळलोच. गडचिरोलीतली तालुक्याची गावं २०१५ च्या सुमारास नगरपंचायती झाली. रस्ते, नळ, दिवे यांसाठी निधी येतो, ते चांगलंच. पण ग्रामसभेत कोणताही मतदार उठून हिशेब विचारू शकतो, नगरपंचायतीच्या सभेत नगरसेवक बसतात. आदिवासी भागात पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले, तेही नगरपंचायतीला लागू होत नाहीत. गाव मोठं झालं आणि गावकरी मात्र सभेबाहेर, असं व्हायला नको, असं मला वाटतं. वॉर्डाची सभा तरी नियमित भरावी.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज मोझरीला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला आपण भाषणं ठेवतो. यंदा माझ्या वर्गाने वेगळं ठरवलंय. प्रत्येक मुलाने आपल्या वॉर्डाचा एक प्रश्न लिहायचा, घरच्यांची सही घ्यायची आणि आम्ही तो कागद नगरपंचायतीत नेऊन पोच घेणार. आतापर्यंत सतरा प्रश्न आलेत, त्यातले नऊ नालीचे. पालकहो, सही करण्याआधी मुलाचा प्रश्न एकदा वाचा.