सीटी स्कॅनच्या कोडमधला 'राम-लॅक' कोण? जी. एन. रामचंद्रन यांची गोष्ट

मेडिकल इमेजिंगचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी पहिल्यांदा उघडलं ते मुलुंड-दादर लोकलमध्ये, मोबाईलवर. अर्धी नावं डोक्यावरून गेली. त्यात 'राम-लॅक' नावाचा एक फिल्टर दिसला. ऍस्ट्रा टूलबॉक्समध्ये तो डिफॉल्ट आहे, मॅटलॅबमध्येही. मला वाटलं, कुठल्यातरी कंपनीचं नाव असेल. निघाले आपलेच रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन!

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ चा, एर्नाकुलमचा. वडील महाराजा कॉलेजात गणित शिकवायचे, त्यामुळे गणिताची गोडी घरातच लागली. १९४२ मध्ये ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. पण सी. व्ही. रामन यांनी त्यांना फिजिक्सकडे ओढून घेतलं. म्हणजे ब्रँच बदलणारे आपण पहिले नाही. पुढे केंब्रिजला पीएचडी, आणि १९५२ मध्ये, तिशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, मद्रास विद्यापीठात फिजिक्स विभागाचे प्रमुख.

तिथे त्यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासोबत कोलॅजेन या प्रथिनाची तीन धाग्यांची रचना मांडली. त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला तंतूसुद्धा एक्स-रेखाली तपासला. १९६३ चा 'रामचंद्रन प्लॉट' तर बायोलॉजीवाल्यांना पाठच असतो.

आपल्या कामाची गोष्ट १९७१ ची. सीटी मशिन शरीराच्या अनेक कोनांतून एक्स-रे सावल्या घेतं. प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत पसरवली आणि सगळ्यांची बेरीज केली, तर हाड कुठे आहे ते कळतं, पण भोवती धुकं राहतं. कारण सावलीच्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला, तिथे काही असो वा नसो, वाटा मिळतो. धुकं टाळायचं तर फूरिये ट्रान्सफॉर्मचा लांबचा रस्ता होता. त्या काळच्या कॉम्प्युटरना तो जड जायचा.

रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी शॉर्टकट दिला. सावली पसरवण्याआधी तिच्यावरून ठरलेल्या आकड्यांची एक पट्टी फिरवायची. मध्ये १/४, पुढे एकाआड एक शून्य, उरलेल्या जागी लहान होत जाणारे उणे आकडे. हे उणे आकडेच धुकं खातात. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये असंच काहीतरी केलं होतं, हेही सांगायला हवं. पण सीटी मशिन पुढे बराच काळ याच वाटेने चालली.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या ऍटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये हाऊन्सफिल्ड यांच्या मशिनवर पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. त्या मशिनचं गणित वेगळं होतं. १९७९ चं नोबेल कॉर्मॅक आणि हाऊन्सफिल्ड यांना मिळालं. रामचंद्रन यांना नोबेल कधीच मिळालं नाही. कोलॅजेन आणि प्लॉटचा विचार केला तर मला हे आजही खटकतं.

१९७१ मध्येच त्यांनी बंगळुरूला मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभं केलं. शेवटची वर्षं आजारपणात गेली. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी गेल्या, आणि ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत ते गेले.

गणिताला घाबरून या कोडपासून लांब राहिला असाल तर सायकिट-इमेजमधली 'रेडॉन ट्रान्सफॉर्म'ची फाइल उघडा. तोच १/४, तेच उणे आकडे, दोन ओळींत. गंमत म्हणजे आता फूरिये स्वस्त झालंय, म्हणून कोड ती पट्टी पुन्हा फूरियेतच नेतो! लॅपटॉप नसला तरी चालेल, फोनवर गुगल कोलॅब उघडा. शेप-लोगन नावाचं डोक्याचं नकली चित्र लायब्ररीतच आहे. त्याच्या सावल्या काढा, एकदा फिल्टर बंद ठेवून चित्र परत बनवा, मग चालू करून बनवा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.