समजून घ्या : भुतोंड्याचा मावळा स्वराज्याच्या पायदळाचा प्रमुख कसा झाला?

राजगडावर जाणारे बरेच जण वेल्हे म्हणजेच आताच्या राजगड तालुक्यातील गुंजवणे गावातून चढाई सुरू करतात आणि चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचतात. याच गडाच्या दुसऱ्या अंगाला भोर तालुक्यातील भुतोंडे गाव आहे. तिथले येसाजी कंक पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सरनोबत झाले.

तेव्हा मावळात काय होते?

उताराची जमीन आणि पावसाच्या भरवशावरची नाचणी, वरी, भात. खोरी देशमुखांकडे होती. गुंजण मावळची देशमुखी शिळिमकरांची. ज्याच्याकडे वतन नाही, त्याला मोठे होण्याची वाट अरुंदच. स्वराज्याच्या फौजेने ती रुंद केली.

बढती कशी मिळायची?

कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत पायदळाची, म्हणजे हशमांची रचना दिली आहे. दहा जणांवर नाईक, पन्नास जणांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनोबत. जुमलेदाराला वर्षाला १०० होन, हजारीला ५०० होन. पगार जहागिरीतून नव्हे, तर रोख किंवा सरकारी वरातीने. म्हणजे साध्या हशमालाही वरची प्रत्येक पायरी दिसत होती. याच बखरीत सरनोबत म्हणून येसाजींचे नाव आहे.

येसाजी कुठे कुठे लढले?

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी निवडक अंगरक्षक सोबत नेले. त्यांत येसाजी होते. गोवळकोंड्यात त्यांनी हत्तीशी झुंज दिल्याची कथा आजही आवडीने सांगितली जाते. ती लोककथा म्हणूनच घ्यायला हवी. फोंड्याची लढाई मात्र इतिहासात पक्की आहे.

फोंड्यात काय घडले?

१६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फोंडा किल्ल्याला वेढा दिला. तोफांनी तट फोडला. आत मावळ्यांसोबत येसाजी आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. संभाजी महाराज मदतीला धावून आले आणि नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. किल्ला वाचला, पण जबर जखमी झालेले कृष्णाजी त्यातून वाचले नाहीत.

प्रतापगड ते फोंडा ही २४ वर्षे. ज्या चाकरीने येसाजींना सरनोबतपद दिले, त्याच चाकरीत त्यांचा मुलगा गेला. त्यांची गोष्ट सांगताना पद आणि मान यांच्याबरोबर हा हिशेबही मांडायला हवा.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

भोरजवळच्या भाटघर धरणाच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. पुढच्या वेळी राजगडावरून दूरवर पसरलेले ते पाणी दिसले, तर हे नाव नक्की आठवा.