जो मीक : मायक्रोफोन जवळ नेणारा माणूस

ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव झळकते, वादकांचेही क्वचित येते. मायक्रोफोन कोठे ठेवावा हे ठरविणारा मात्र बहुधा अज्ञातच राहतो. ब्रिटनमधील जो मीक याला अपवाद ठरला. ५ एप्रिल १९२९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील न्यूएंट या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. लहानपणापासून विजेच्या उपकरणांचे वेड असलेल्या मीकने हवाई दलात रडारवर काम केले, पुढे वीज मंडळात नोकरी केली आणि १९५० च्या दशकात लंडनच्या ‘आयबीसी’ स्टुडिओत तो ध्वनिमुद्रक म्हणून दाखल झाला.

त्या काळी वाद्यांपासून अंतर राखून मायक्रोफोन ठेवण्याची शिस्त होती. सभागृहात बसलेल्या श्रोत्याला जे ऐकू येते, तेच फितीवर उतरावे ही अपेक्षा असे. मीकला ती मान्य नव्हती. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे, स्पीकरच्या अगदी निकट तो मायक्रोफोन ठेवी. दूरच्या मायक्रोफोनमध्ये वाद्याबरोबर खोलीचा घुमारा आणि शेजारच्या वाद्यांचा आवाजही शिरतो. जवळच्या मायक्रोफोनमध्ये गिटारचा सूर ठाशीव उमटतो आणि खर्जाला वजन येते. स्पीकरच्या कागदी शंकूच्या मध्याशी तो धारदार, तर कडेला मवाळ भासतो. घुमारा मग वेगळा, हवा तेवढाच मिसळता येतो. वरिष्ठांना आवाजातील ही विकृती खपत नसे. मात्र १९५६ मध्ये हम्फ्री लिटलटन यांच्या ‘बॅड पेनी ब्लूज’मधील पियानोचा खर्ज मीकने असाच उठावदार केला आणि ती ध्वनिमुद्रिका लोकप्रिय ठरली.

नोकरीत न रमलेल्या मीकने लंडनमधील ३०४, हॉलोवे रोड येथे, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या जागेत स्वत:चा स्टुडिओ थाटला. वादक एका खोलीत, यंत्रे दुसऱ्या खोलीत, तर कधी गायक न्हाणीघरात, अशी तेथील व्यवस्था. दाटीवाटीच्या त्या खोल्यांत वाद्यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत, यासाठीही मायक्रोफोन जवळ असणे गरजेचे होते. कोणतेही वाद्य न येणारा मीक चाली गुणगुणून वादकांना शिकवी. जुलै १९६२ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरून सुचलेल्या ‘टेलस्टार’ या त्याच्या रचनेने ‘टॉर्नेडोज’ या वाद्यवृंदाला ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतही अव्वल स्थान मिळवून दिले. अमेरिकेत हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद. ‘बीटल्स’ना तेथे पोहोचण्यास १९६४ उजाडले. त्याच वर्षी ‘हॅव आय द राइट?’ या गाण्यासाठी मीकने जिन्यावर पाय आपटायला लावून, कठड्याला सायकलच्या क्लिपांनी मायक्रोफोन अडकवून ठेका टिपला. तेही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

यशाचा पैसा मात्र हाती आला नाही. ‘टेलस्टार’ची चाल आपली असल्याचा दावा फ्रेंच संगीतकार जाँ लेद्र्यू यांनी केला आणि मानधन अडकून पडले. समलिंगी संबंध गुन्हा ठरणाऱ्या त्या काळात १९६३ मध्ये मीकला अटक व दंड झाला. वृत्तपत्रांत बातमी छापून आली. कर्ज, गोळ्यांचे व्यसन आणि आपल्यावर पाळत असल्याचा संशय यांनी तो खचत गेला. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांची बंदुकीने हत्या केली आणि स्वत:लाही संपविले. तो अवघा ३७ वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या जुलैत इंग्लंडमधील तो कायदा शिथिल झाला. ‘टेलस्टार’चा निकालही त्याच्या बाजूने लागला, पण मृत्यूनंतर.

चहाच्या खोक्यांत भरलेल्या, हजाराहून अधिक फिती त्याच्यामागे उरल्या. त्या २०२० मध्ये ‘चेरी रेड’ या कंपनीने घेतल्या. एका निरपराध स्त्रीच्या हत्येचा डाग मीकच्या नावावरून पुसला जाणार नाही. मात्र अ‍ॅम्प्लिफायरला जवळजवळ टेकलेला मायक्रोफोन आज कोणत्याही स्टुडिओत दिसतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.